उसन्या मुलांचं पाळणाघर

आमच्या सासूबाईंना लहान मुलांचं वेड. रस्त्यात कुणाचं पोर रडताना दिसलं की यांचे पाय थबकलेच, आणि हातातली पिशवी माझ्याकडे. बसमध्ये पुढच्या सीटवरचं बाळ यांच्याकडे बघून हसलं, तर उतरायचा थांबा गेला म्हणून समजायचं. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर लोकांची आंबट तोंडं बघते, त्यामुळे मला माणसं चटकन आवडत नाहीत. यांना सगळीच आवडतात. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, बाई नाटकी आहे. पुढे कळलं, नाही, मुळातच अशी आहे. असल्या सासूबरोबर राहणं मोठं कठीण, कारण भांडायला जागाच सापडत नाही.

कपडे शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात त्या धागे कापायच्या. शर्ट शिवून झाला की शिवणीच्या टोकांना धागे लोंबत राहतात. ते छोट्या कात्रीने कापायचे आणि शर्ट पुढे सरकवायचा. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, हवेत कापडाचे बारीक तंतू उडत असायचे म्हणून प्रत्येकीच्या तोंडावर फडकं. नुसत्या डोळ्यांवरून एकमेकींना ओळखायचं आणि डोळ्यांनीच हसायचं. सगळ्यांत वयस्कर म्हणून त्या सगळ्यांच्या मावशी.

हे शर्ट दूरच्या देशातल्या एका बड्या कंपनीकडे जायचे. आपले शर्ट शिवणाऱ्या माणसांना धड वागवतात की नाही, हे बघायला ती बडी कंपनी अधूनमधून माणसं पाठवायची. कारखान्याचे साहेब त्याला तपासणी म्हणायचे, बायका म्हणायच्या ‘पाहुणे’. पाहुणे यायचे म्हटलं की दरवाज्यांपुढे रचलेली खोकी हटायची, आग विझवायच्या लाल नळकांड्यांवरची धूळ पुसली जायची, आणि संडासात साबण यायचा. साबण दिसला की बायका ओळखायच्या, पाहुणे उद्या. पाहुणे गेले की साबणही जायचा, तो बहुतेक त्यांच्याच गाडीतून जात असावा.

इतक्या बायका कामाला आहेत म्हटल्यावर पाळणाघर हवं, असा नियम होता. पाळणाघर होतंही. जिन्याने वर गेलं की डाव्या हाताची खोली. भिंतीवर पिवळी बदकं रंगवलेली, खिडकीला पडदा, दारावर पाटी. एरवी त्या खोलीत छतापर्यंत रिकामी खोकी भरलेली असायची आणि दाराला कुलूप. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी खोकी खाली यायची, पाळणे झटकले जायचे, खेळणी प्लास्टिकच्या पिशव्यांतून बाहेर निघायची. सगळं होतं, फक्त मुलं नव्हती. ती पुरवायचं काम आमच्या सासूबाईंकडे.

साहेबांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणे फार गोड बोलले होते. “मावशी, तुमच्या गल्लीत मुलं बरीच आहेत ना? एक दिवस घेऊन या, खेळतील बिचारी.” सासूबाईंना काय, आंधळा मागतो एक डोळा. त्या दिवशी कात्री नाही, टेबल नाही, अंगात निळा एप्रन आणि भोवती पोरंच पोरं. गल्लीतल्या आयाही खूश, अर्धा दिवस सुटका आणि वर बिस्किटं. आमची ठमी, म्हणजे माझी मुलगी, चालायला लागल्यापासून प्रत्येक तपासणीला हजर होती. कारखान्यात तिच्याइतकी जुनी कामगार थोड्याच असतील.

“खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे,” मी म्हणायचे.

“अगं, पण पोरांना मजा येते ना?” त्या म्हणायच्या. खोटं बोलतोय असं त्यांना कधी वाटलंच नाही. वाटलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असतं, आणि साहेबांनी दुसरी कुणीतरी शोधली असती.

ज्या दिवसाबद्दल मी सांगतेय त्या दिवशी ठमी हट्टाला पेटली होती. मला सोडायलाच तयार नाही. शेवटी दुकानात फोन केला, रजा टाकली आणि तिच्याबरोबर मीही कारखान्यात गेले. मला बघून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ह्या कोण?”

“सून माझी,” सासूबाई म्हणाल्या.

“बरं, मग यांनाही एप्रन द्या. मदतनीस.”

अशी मी काही तासांसाठी त्या कारखान्याची मदतनीस झाले. मुलांना पढवून ठेवलं होतं, कुणी विचारलं आई कुठे, तर बोट खाली करायचं आणि म्हणायचं, मशीनवर. पाहुणीबाई आल्या, उंच, शांत, सपाट चपला घातलेल्या, आणि त्यांच्याबरोबर दुभाष्या. बाईंनी नेमकं ठमीलाच विचारलं, “तुझी आई कुठे आहे?” ठमीने माझ्याकडे बोट केलं. “ही काय.” साहेबांना घाम फुटला. दुभाष्याने सांगितलं तशा बाई खूश झाल्या. आई स्वतःच पाळणाघरात काम करते, किती छान सोय आहे! मी हसू दाबायला ठमीचं नाक पुसत बसले.

एवढ्यात दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. पाहुणीबाई काही कामगारांशी बोलणार होत्या, त्यासाठी तिला वर पाठवलं होतं. बटण लावायच्या मशीनवर बसायची म्हणून तिला सगळे बटणवाली म्हणायचे. कामाला लागून तिला फार दिवस झाले नव्हते. ती कुणाशी फारशी बोलत नसे, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट नव्या माणसाला मुद्दाम कोण सांगतं? त्या कुलूपबंद खोलीला ती गोदाम समजत होती. आता उघड्या दारातून तिने बदकं बघितली, पाळणे बघितले, सासूबाईंच्या मांडीवर पेंगणारं पोर बघितलं, आणि तिने तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

“मावशी, हे... हे आपल्यासाठी आहे?”

“हो तर,” सासूबाई म्हणाल्या.

“माझं बाळ आहे. अजून अंगावर पितं. शेजारच्या म्हातारीकडे ठेवून येते मी. इथे आणलं तर चालेल?”

दुभाष्याने ते लगेच बाईंना सांगितलं. बाई हसल्या आणि उत्तर ऐकायला सासूबाईंकडे वळल्या. साहेबही त्यांच्याकडेच बघत होते, पण ते हसत नव्हते.

“आण की गं,” सासूबाई म्हणाल्या. “त्यासाठीच तर आहे.”

मी शेजारीच होते. त्यांचा आवाज जराही अडखळला नाही. मायेने बोलल्या, नेहमी बोलतात तशाच.

परत येताना पोरांची वरात सांभाळत मी म्हटलं, “आई, ती खरंच आणेल हं.”

“छे गं! तिला कळलं असेल. सगळ्यांनाच कळतं.”

तिला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बटणवाली गेटवर बाळाला घेऊन उभी. खांद्याला पिशवी, पिशवीत दुपटी, बाटली, धुतलेलं टोपडं. बाळाला छान न्हाऊमाखू घातलेलं, पहिल्या दिवशी शाळेत निघाल्यासारखं. सासूबाईंना बघून तिचा चेहरा फुलला. वर खोकी चढवायचं काम चालू होतं, ते तिला गेटवरूनच दिसत होतं. पण अजूनही तिला वाटत होतं की ही सफाई चाललीय.

“म्हातारीला सांगून आले मावशी, आता नको म्हणून,” ती म्हणाली. “ती म्हणाली बरं झालं, दुसरं एक बाळ वाट बघत होतं, त्याला घेते.”

म्हणजे परतीची वाट बंद. नवरा दुसऱ्या शहरात बांधकामावर, आई कुठल्या कुठे लांब. आणि गेट तर थोड्या वेळात बंद होणार. त्यानंतर येणाऱ्याचा दिवस गेला, आणि नव्या बाईचा दिवस गेला की कामही गेलं.

हे मला सासूबाईंनी त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं. मी विचारलं, “मग तुम्ही काय केलंत? तिला सांगितलंत?”

“काय सांगू? काल सगळ्यांसमोर आण म्हटलं आणि आज नको म्हणू? मी बाळ घेतलं तिच्याकडून. म्हटलं, तू जा मशीनवर.”

खोकी वर नेणाऱ्या गड्यांकडून त्यांनी खोलीची किल्ली मागून घेतली. खिडकीखाली खोक्यांच्या भिंतीआड एक कोपरा मोकळा करून पाळणा लावला. टेबलावर त्यांच्या वाटणीचे शर्ट दोन्ही बाजूंच्या बायका उरकायच्या, आणि त्या काही ना काही निमित्त काढून वर पळायच्या. बटणवाली पाणी प्यायच्या सुट्टीत येऊन दूध पाजून जायची. लाइनवर देखरेख करणाऱ्या माणसाला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण तो बोलायच्या आधी शिट्टी वाजवायचा. त्यालाही कळलं असणार. पण बटणवालीचा हात फार वेगात चालायचा आणि शिट्टीला त्याच्याशी मतलब. त्याने तिकडे काणाडोळा केला.

असे काही दिवस गेले. इतक्या आनंदात मी त्यांना फार कमी वेळा बघितलं होतं. आल्या की बाळाचं पुराण सुरू. आज पालथं पडलं, आज माझं बोट धरलं, आज बदकाकडे बघून हसलं. मी म्हटलं, आई, हे फार दिवस चालायचं नाही. त्या म्हणाल्या, “बघ तू, हळूहळू दुसऱ्याही आणतील. मग साहेबांना चालू करावंच लागेल.” स्वतःच्या मनाची समजूत घालण्यात माणूस किती हुशार असतो! खोट्या खोलीत एक खरं बाळ ठेवलं की खोली खरी होईल, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं.

एके दुपारी माल भरायची गाडी लवकर आली आणि गडी खोकी काढायला वर गेले. खालच्या थरातलं एक ओढलं तशी वरची कोसळली. बाळाला लागलं नाही, पाळण्याच्या कडेवर अडली. पण ते असं किंचाळलं की मशीनच्या आवाजातही खाली ऐकू गेलं. बटणवाली धावत सुटली, तिच्यामागे सासूबाई, आणि दोघींच्याही आधी साहेब तिथे पोचलेले.

“हे मूल कुणाचं?” साहेबांनी विचारलं. “कुणाच्या परवानगीने आणलं?”

सासूबाईंच्या हातात कात्री तशीच होती. नंतर त्या मला सांगत होत्या, “माझं तोंड उघडलं होतं गं. उघडलं होतं. पण मनात आलं, घराचं भाडं, ठमीची शाळा, या वयात मला दुसरं कोण घेईल? तेवढ्यात ती पोरगी माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती.”

बटणवालीने जरा वाट बघितली. मग बाळाला उचललं आणि म्हणाली, “माझं आहे. मीच आणलं.”

साहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत ही कंपनी तडजोड करत नाही. गोदामात तान्हं मूल ठेवणारी आई आपल्याला नको. एवढं म्हणून ते खाली गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पिशवी, दुपटी, बाटली गोळा करून ती पोरगी जिना उतरली, आणि तिच्या मशीनवर दुसरी बसली.

त्या दिवसापासून आमच्या घरातला आवाज गेला. सासूबाई यायच्या, हातपाय धुवायच्या, खिडकीशी बसायच्या. ठमी मांडीवर चढायला गेली तर तिला हलकेच खाली उतरवायच्या. ताट समोर ठेवलं की दोन घास खाऊन हात धुवायच्या. माझा नवरा टेम्पो चालवतो, घरात जेवायला आणि झोपायला तोंड दाखवतो, पण त्यालासुद्धा कळलं. “आईचं काय बिनसलंय?” त्याने मला विचारलं, जसं काही मीच बिघडवलं होतं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मीच म्हटलं, “चला, तिच्याकडे जाऊ.” कुढणाऱ्या माणसाशी मला जमत नाही. काहीतरी करावं आणि मोकळं व्हावं, असा माझा स्वभाव. पत्ता शिट्टीने दिला.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, सामाईक व्हरांड्याच्या टोकाला. दार उघडंच होतं. आत एक कॉट, एक शेगडी, दोरीवर वाळत घातलेली दुपटी. बाळ झोपलं होतं. तिने आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, पण हसली नाही. दारोदार फिरतेय, म्हणाली. काम आहे, पण बाळाला घेऊन कुणी उभं करत नाही.

सासूबाईंनी तिचा हात धरला आणि त्यांना रडू फुटलं. “चुकले गं पोरी. मी तुला फसवलं. माझ्यामुळे झालं सगळं.”

बटणवालीने हात सोडवून घेतला. झटकला नाही, सोडवून घेतला.

“मावशी, रडायचं असेल तर घरी जाऊन रडा. ते आत्ताच झोपलंय.”

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. मग ती पोरगीच म्हणाली, आवाज न चढवता, “साहेब आण म्हणाला असता ना, तर मी आधी चौघींना विचारलं असतं. साहेब लोकांचं कोण खरं मानतं? तुम्ही म्हणालात. तुमच्या मांडीवर ते पोर झोपलं होतं. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही.”

बाळाला मी दिवसभर सांभाळते, तू काम शोध, असं सासूबाईंना सुचवायचं होतं. वाटेत तेच घोकत आल्या होत्या. पण कारखाना सोडल्याशिवाय ते शक्य नव्हतं, आणि कारखाना सोडायची त्यांची हिंमत नव्हती, हे आम्हा तिघींनाही दिसत होतं. त्यांनी ते सुचवलं नाही. आम्ही उठलो. जिन्यात त्या म्हणाल्या, “मी चांगली आहे म्हणूनच साहेबांनी मला तिथे बसवलं होतं. आत्ता कळलं मला.”

पुढे संडासात साबण आला. साहेबांनी मावशींना मुलं आणायला सांगितली आणि मावशी हो म्हणाल्या. त्या दिवशी सकाळी ठमी बूट घालून तयार होती, गल्लीतली पोरं दारात जमली होती. सासूबाईंनी सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एकट्याच गेल्या.

पाहुणीबाई वर आल्या तेव्हा निळा एप्रन घातलेल्या सासूबाई रिकाम्या पाळण्यांमध्ये उभ्या होत्या. साहेब घाईने म्हणाले, साथ आहे, मुलं आजारी आहेत. सासूबाई दुभाष्याला म्हणाल्या, “तसं नाही. इथे मुलं नसतातच. मी धागे कापते. मागच्या वेळची पोरं आमच्या गल्लीतली होती. ज्या मुलीने तुमच्यासमोर बाळ आणू का विचारलं, तिला मी आण म्हटलं. तिने आणलं, तर तिला काढून टाकलं. तिला परत घ्या. माझं काही मागणं नाही, तिला परत घ्या.” मध्ये न थांबता सगळं बोलल्या. आल्यावर मला सांगितलं आणि पहिल्यांदाच पोटभर जेवल्या. मी मनातल्या मनात दुसरीकडे काम शोधायला लागले होते, त्यांच्यासाठी.

पण त्यांना काढलं नाही. खरं बोलणाऱ्या बाईच्या केसालाही धक्का लागता कामा नये, असं बड्या कंपनीने बजावलं म्हणे. पाळणाघर खरोखर चालू झालंच पाहिजे, असंही बजावलं. आणि काय सांगू, चालू झालं! खोकी कायमची खाली गेली, खेळण्यांची प्लास्टिकं निघाली, आणि मावशींना धागे कापण्यातून उचलून पाळणाघराची आया केलं. शेजारणी अभिनंदन करून गेल्या. काढून टाकलेल्या बाईला बोलावणं धाडलंय, असं साहेबांनी बड्या कंपनीला कळवलं. बटणवालीला कुणी बोलावलं नव्हतं. मी स्वतः जाऊन विचारून आले तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, ती बाळाला आईकडे सोडायला गेलीय.

सासूबाई रोज वर जाऊन बसायच्या. पाळणे पुसायच्या, चादरी बदलायच्या, वाट बघायच्या. एकही मूल आलं नाही. जुन्या बायका बटणवालीचं बघून घाबरल्या होत्या, पण नव्याही कुणी आणेना. मग शिट्टीने सांगितलं. आता कामाला घेताना गेटवरच विचारतात, लहान मूल आहे का? आहे म्हटलं की जागा नाही. पाळणाघर चालवायचा खर्च आला ना, म्हणून मुलंच येऊ द्यायची नाहीत. नियमात पाळणाघर पाहिजे असं होतं, मुलं पाहिजेत असं कुठे होतं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ज्या बायांसाठी सासूबाई बोलल्या, त्यांचाच रस्ता बंद झाला.

आणि एक दिवस खाली पाणी प्यायला गेल्या तर मशीनवर बटणवाली! फडकं होतं तोंडावर, पण डोळ्यांवरून ओळखली. ठेकेदाराच्या माणसांबरोबर आली होती, दुसऱ्या रांगेत बसली होती. साहेबांना मशीनचा खडखडाट ओळखता यायचा, पण फडक्याआडच्या बायका कधी ओळखता आल्या नाहीत. शिट्टीने ओळखलं असेल, पण तिचा हात अजून तसाच वेगात चालायचा. गेटवरचा तो प्रश्न विसरून सासूबाई धावत तिच्यापाशी गेल्या. “अगं, आता खरं आहे! मी रोज वर असते. उद्याच आण त्याला.”

बटणवालीने मशीन थांबवलं नाही. मान खाली घालूनच म्हणाली, “कुणाला? मला मूल नाही, मावशी. गेटवर तसं सांगितलंय.” आणि मग अगदी हळू, “आईकडे आहे. तिलाच आई म्हणायला लागलंय. तुमच्या तोंडून काही निघालं ना, तर मी दुसऱ्यांदा जाईन.”

काल पाहुणे येऊन गेले. बाईंना खोली फार आवडली. मग त्यांनी विचारलं, इतक्या बायकांत एकही मूल कसं नाही? साहेबांनी काहीतरी सांगितलं. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं, सासूबाईंना घेऊन खाली आल्या आणि मशीनच्या रांगांमधून चालत चालत बटणवालीच्या रांगेपाशी थांबल्या. दुभाष्या म्हणाला, “बाई म्हणतात, साहेबांचं त्यांना ऐकायचं नाही. मागच्या वेळी तुम्ही खरं बोललात, म्हणून तुम्हालाच विचारतात. इथे कुणाला लहान मूल आहे का?”

बटणवालीचा हात चालू होता. एकावर एक बटणं लागत होती.

सासूबाई म्हणाल्या, “नाही. कुणालाच नाही.”

हे त्यांनी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून सांगितलं. बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले म्हणे, आभार मानले. मी म्हटलं, “आई, दुसरं काय करणार होतात तुम्ही? तिचं काम वाचवलंत ना?” मी खरंच मनापासून म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

“आहे गं ते. मी मांडीवर घेतलंय त्याला.”